यंत्र घरात कोणाच्या हाताने येते?

चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस फोंड्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे, सामान मांडलेले असते. कवंडळे, आंबाडे, तोरंजने, सुपारीचे घोस, आणि रानातून आणलेल्या अशा कितीतरी वेली-फुले की त्यांची नावे आम्हा बाजाराजवळ वाढलेल्यांना आता एका दमात सांगता येत नाहीत. काही वर्षांपूर्वी अशाच एका गोणपाटावर, नारळाला टेकवून ठेवलेला क्यूआर कोडचा फलक दिसला. विकणारी बाई सत्तरी ओलांडलेली. जवळ फोन नाही. मग पैसे आले हे तुला कळते कसे, असे विचारले.

"पयशे म्हज्या नातवाच्या खात्यार वतात. सांजे तो म्हाका दिता."

"दिता मूं?"

"दिना जाल्यार ताका जेवण कोण वाडटलें?"

नाही दिले तर त्याला जेवायला कोण वाढणार! पडद्यावरच्या व्यवहारात विश्वास कसा तयार होतो यावर जगभर बरेच लिहून झाले आहे. बँक, फोन कंपनी आणि देशभरची पेमेंट-यंत्रणा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळचे ताट. त्या गोणपाटावरचा सगळा कारभार ताटाच्या भरवशावर चालला होता.

ही प्रस्तावना एका पुस्तकाची कमी आणि एका अभ्यासक्षेत्राची अधिक आहे. माणसे नवी यंत्रे, ॲप, पडद्यावरचे व्यवहार कधी आपलेसे करतात, कधी नाकारतात, कधी दुसऱ्याच्या हातून करून घेतात. आणि हे ठरताना पैसा व शिक्षण यांच्याइतकेच नाते, वय, जात, भाषा, गाव, बाईपण-पुरुषपण यांचे किती चालते, हे तपासणारे हे क्षेत्र. त्यात येऊ पाहणाऱ्यांचे स्वागत करताना मी हट्टाने फोंड्यातूनच सुरुवात करतो. फर्मागुडीच्या पठारावर १९६७ साली स्थापन झालेले गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि २०१६ पासून त्याच आवारात आयआयटीही भरते. यंत्र कसे घडते ते तिथे शिकवतात. तिथून उतरून तीनेक किलोमीटरवर बाजार आहे. घडलेल्या यंत्राचे पुढे काय होते हे तिथे पाहायला मिळते. या दोन जागांमध्ये अभ्यासकांची ये-जा फार कमी आहे, हे माझे जुने दुखणे.

आधी आकड्यांचे बोलू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) गोव्यातल्या ७३.७ टक्के स्त्रियांनी आणि ८२.९ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हेच आकडे ३८ आणि ६१.५ होते. म्हणजे गोवा पुढे, खूपच पुढे. पण आकडा हातात घेऊन जरा थांबावे. हे उत्तर १५ ते ४९ या वयातल्यांचे आहे, आमची माटोळीवाली त्यात येतच नाही. शिवाय प्रश्न होता 'कधी तरी वापरले का' असा. चुलतभावाच्या फोनवर एकदा नाटकाचा व्हिडिओ पाहिलेली आणि रोज तीन तास फोनवर धंदा करणारी, या दोघींचे उत्तर एकच, होय. आणि ती माटोळीवाली तर स्वतः काहीच वापरत नाही, तरी तिचा धंदा डिजिटल झालेला आहे. तिला कोणत्या रकान्यात लिहायचे?

या प्रश्नाला या क्षेत्रात उत्तर आहे, पण ते उशिरा आले. आधीची पायवाट वेगळी होती. १९४३ साली ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांनी कसे स्वीकारले याचा अभ्यास केला. बियाण्याची बातमी विक्रेत्याकडून कळली, पण पेरायचा निर्णय शेजाऱ्याचे शेत पाहून झाला, असे त्यांना दिसले. त्याच आयोवातला एक शेतकऱ्याचा मुलगा, एव्हरेट रॉजर्स. त्याचे वडील या बियाण्याला कितीतरी वर्षे नाहीच म्हणत राहिले, आणि १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा व आपला करपलेला पाहून मग वळले. मुलाने १९६२ साली नवकल्पनांच्या प्रसारावर जे पुस्तक लिहिले, ते आजही या क्षेत्राचा उंबरठा मानले जाते. आधी धाडसी, मग पुढारी, मग बहुसंख्य, आणि शेवटी मागे रेंगाळणारे, अशी त्याची उतरंड प्रसिद्ध आहे. या शेवटच्या नावात जो शेरा आहे तो नव्या अभ्यासकाने ओळखावा. नवे ते चांगलेच, आणि जो घेत नाही तो मागासलेला, असे त्यात गृहीत आहे. रॉजर्सने पुढच्या आवृत्त्यांत हा कल स्वतःच मान्य केला. पुढे १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी प्रश्न दोनवर आणला: वस्तू उपयोगी वाटते का, आणि वापरायला सोपी वाटते का? कार्यालयातल्या संगणकासाठी हे छान जमते. हजारो प्रबंध यावर लिहून झाले आहेत, आपल्याकडेही, आणि त्यांतले बरेच वाचताना झोप येते. कारण 'वाटते' कोणाला, हा प्रश्न त्यांत एकट्या माणसाला विचारलेला असतो. आमच्याकडे एकटा माणूस सापडणे कठीण.

मराठीत या प्रक्रियेला 'स्वीकार', 'अंगीकार', 'अवलंब' असे शब्द प्रबंधांत वापरतात. तिन्ही कागदी. घरात आपण म्हणतो 'रुळणे'. नवी सून रुळते, बैल जोताला रुळतो, चप्पल पायात रुळते. ब्रिटिश अभ्यासक रॉजर सिल्व्हरस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी घरात येणाऱ्या यंत्रांसाठी जो शब्द रूढ केला त्याचा अर्थ 'माणसाळवणे' असा होतो. बाहेरचे रानटी जनावर घरचे करून घेणे. शब्द चांगला आहे, पण मला रुळणे अधिक नेमके वाटते. माणसाळताना एकटे जनावरच बदलते. रुळताना घरालाही थोडे सरकून बसावे लागते.

हे सरकणे मी पाहिले आहे. २००२ च्या सुमारास गोवा सरकारने 'सायबरएज' योजनेत अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक द्यायला सुरुवात केली. त्या काळात या योजनेतला संगणक आलेल्या कितीतरी घरांत मी गेलो. बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, वरून भरतकाम केलेला अभ्रा. संध्याकाळी दिवा लावताना त्यालाही उदबत्ती ओवाळणारी एक आजी मला आठवते. मुलगा त्यावर गाणी ऐके, पत्ते खेळे. सरकारी हिशेबात हा दुरुपयोग. पण त्या घरात संगणक आधी पाहुणा होता, मग शोभेची वस्तू झाला, मग गाण्याचे यंत्र, आणि मुलीच्या लग्नाची आमंत्रणयादी त्यावर टंकित झाली त्या दिवशी तो घरचा झाला. अमेरिकेतल्या टेलिफोनचा इतिहास लिहिणाऱ्या क्लॉड फिशर यांनी असेच दाखवले आहे. सुरुवातीला कंपन्यांची समजूत होती की फोन धंद्याच्या कामासाठी आहे, आणि बायका त्यावर गप्पा मारतात म्हणून कंपन्या कुरकुरत. गप्पा हाच फोनचा मोठा उपयोग आहे हे कंपन्यांना उमजायला काही दशके गेली.

आता थोडे मागे, चारशे वर्षे. शिरोड्याला जुवारीच्या काठावर उभे राहिले की पलीकडे रायतूर, ज्याला आज राशोल म्हणतात. तिथल्या जेझुइटांच्या छापखान्यात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे ११,००० ओव्या, भाषा मराठी, अक्षरे मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. देशी लिपीचे खिळे पाडावेत अशी इच्छा स्टीफन्सनी १६०८ च्या पत्रात कळवली होती. ती पुरी झाली नाही. भारतातला पहिला छापखाना तर त्याच्याही आधी, १५५६ साली, गोव्यात उतरला होता. एवढी मोठी आघाडी! आणि पुढे? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो थंडावला. १६८४ साली तर स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूमच निघाला. गोव्यात पुन्हा छपाई सुरू झाली ती १८२१ मध्ये.

हा इतिहास साधार मांडणारे अ. का. प्रियोळकर हे आमच्या फोंडा तालुक्यातल्या प्रियोळचे. भारतातल्या मुद्रणकलेवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५८ साली निघाले. तंत्रज्ञान आणि समाज या क्षेत्रातला ग्रंथ म्हणून कोणी त्याचे नाव घेत नाही, पण मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा तेच वाचायला सांगतो. वाचताना एक प्रश्न पाठ सोडत नाही: यंत्र होते, कागद होता, कारागीर होते, मग छपाई नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, का आली नाही? उत्तराचा एक धागा प्रियोळमध्येच आहे. तिथला मंगेश, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा ही दैवते सोळाव्या शतकात नदीपलीकडून, धर्मांतराच्या धामधुमीतून, आदिलशाही मुलखात आणलेली. ज्यांच्या भीतीने देव हलवावे लागले त्यांच्याच घरचा छापखाना. त्यातून निघालेला कागद इथल्या भटजीने सोवळ्यात हाती कसा घ्यावा? पोथ्या हातानेच लिहिल्या जात राहिल्या, आणि त्यात मला अडाणीपणा दिसत नाही.

मुंबईत पुढे काय झाले तेही पाहावे. शाईत चरबी असते या शंकेने जुन्या वळणाचे लोक छापील कागदाला शिवत नसत. गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात या विटाळाची नोंद आहे. गणपत कृष्णाजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी पंचांग छापले, आणि धार्मिक पुस्तकांसाठी शाईत तूप वापरल्याचेही सांगितले जाते. पंचांग छापले आणि दार उघडले. ज्या घरात छापील गोष्टीचे पुस्तक गेले नसते तिथे छापील तिथी-वार गेले. १९७३ पासून 'कालनिर्णय' भिंतीवर आले. आज तिथी फोनवर पाहतात. पूजेच्या कॅसेटींचेही तसेच. चतुर्थीला एका भटजीच्या वाट्याला इतकी घरे येत की दुपार टळून जाई, म्हणून टेपवरच्या मंत्रांवर पूजा करायची सवय कितीतरी घरांना आधीच होती. २०२० च्या चतुर्थीत साथीमुळे भटजी फोनच्या पडद्यावर आले तेव्हा ज्या घरांत कॅसेट वाजली होती तिथे फारसे कोणी चमकले नाही. रुळण्याला असा पूर्वसंस्कार लागतो, आणि तो कुठल्या सर्वेक्षणात सापडत नाही.

रोमन अक्षरांचेही तसेच काहीसे. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर निम्मे लोक मराठी-कोकणी रोमन अक्षरांत लिहितात. देवनागरी कळफलक फोनमध्येच आहे, फुकट आहे. स्टीफन्सना खिळे मिळाले नाहीत. यांना मिळाले आहेत आणि नको आहेत. का, म्हणून मी काही जणांना विचारले. वेग, सवय ही उत्तरे अपेक्षित होती. माझ्या एका निवृत्त मामेबहिणीचे उत्तर वेगळे निघाले. म्हणाली, देवनागरीत लिहिले की ऱ्हस्व-दीर्घ चुकते आणि शाळेतले मास्तर आठवतात. रोमनमध्ये चूक म्हणून काही नसतेच. शाळेतला पट्टीचा मार पन्नास वर्षांनी कळफलक निवडतो. हे कोणत्या प्रतिमानात बसवायचे ते बसवा.

पैशाकडे परत येतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीच्या पाठोपाठ गोवा हे देशातले पहिले रोकडविरहित राज्य होईल अशी घोषणा झाली, मुदत त्या वर्षअखेरीची. स्मार्टफोन नसलेल्यांनी साध्या फोनवरून स्टार ९९ हॅश दाबून पैसे पाठवावेत असे सांगण्यात आले. मासळी बाजारात त्याचे काय झाले ते सांगायला नको. हातावर खवले, पाठीमागे गिऱ्हाइकांची रांग, आणि अंकांची एकेक पायरी दाबत बसायचे? त्याहून मोठी अडचण हिशेबाची होती. नुस्तेकान्न, म्हणजे मासळी विकणारी बाई, सकाळी घाऊक मासळी उधारीवर उचलते, दुपारी रोख चुकती करते, बाजारातला सोपो, म्हणजे बसण्याच्या जागेचा करही रोख. सगळी साखळी रोकडीची असताना मधलीच एक कडी डिजिटल कशी होणार? नंतर सरकारची भाषा हळूच 'कमी रोकड' अशी झाली.

मग चार-पाच वर्षांत त्याच बाजारात क्यूआर फलक आले, बोलणाऱ्या डब्यासह. हा आवाजाचा डबा मला अलीकडच्या काळातला फार हुशार शोध वाटतो. 'पैसे आले' हे तो मोठ्याने सांगतो, तेही हिंदीत नाहीतर मराठीत. पडदा वाचायला नको, गिऱ्हाइकाने दाखवलेल्या खोट्या स्क्रीनशॉटवर विसंबायला नको, हात ओले असले तरी चालते. आणि शेजारच्या दोघी-तिघीही ऐकतात. म्हणजे जुन्या बाजारात साक्षीदार जे काम करायचे ते हा डबा करतो. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आल्यावर तारलीच्या व्यवहारात मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकासाठी भाव ४ टक्क्यांनी उतरले, हा रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ चा निबंध सगळे उद्धृत करतात. तो आहेही सुंदर. पण तिथे समुद्रातल्या होडीला दुसऱ्या बंदराचा भाव विचारण्याची आणि तिकडे वळण्याची मोकळीक होती, हे विसरून चालत नाही. उधारी एकाच व्यापाऱ्याची असेल तर भाव कळूनही होडी वळत नाही.

वारणेचा अनुभव याच जातीचा. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या ७० गावांत संगणक-केंद्रे उभारली गेली, शेतीची माहिती गावातच मिळावी म्हणून. प्रत्यक्षात ती मुख्यतः कारखान्याला घातलेल्या उसाच्या नोंदी आणि पावत्यांसाठी वापरली गेली. पुढे २००६–०७ मध्ये काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलचे संदेश ठेवून पाहिले, तर काम भागले. लोकांना माहिती नको होती असे नाही. वजनाची पावती ही त्यांच्या लेखी माहितीच होती.

नकाराबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण नवा अभ्यासक तिथेच घसरतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने 'गोवा माइल्स' ही ॲपवर चालणारी टॅक्सीसेवा सुरू झाली. गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांनी तिला कडाडून विरोध केला. २०१९ आणि २०२१ मध्ये आंदोलने पेटली. बाहेरून येणारा पत्रकार लिहून मोकळा होतो: गोव्याचा टॅक्सीवाला तंत्रज्ञानाच्या विरोधात. ज्या आंदोलनाची जमवाजमव फोनवरच्या गटांतून काही तासांत होते, ते तंत्रज्ञानाविरुद्ध कसे? पेडण्यात हे अधिक स्पष्ट दिसते. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटित झाला, जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. पठारावरच्या काजूच्या बागा आणि कुळागरे ज्यांनी गमावली, त्यांना वाटते की त्या बदल्यात विमानतळावरचे भाडे हा आपला हक्क आहे. गावात भाड्याची पाळी ठरलेली असते. आज याचे, उद्या त्याचे. ॲपला पाळी कळत नाही, त्याला जवळची गाडी कळते. तेव्हा भांडण पाळी आणि जवळीक या दोन न्यायांचे आहे. प्रवाशाला मात्र अवाच्या सवा भाडे भरावे लागते, हेही खरे आहे, आणि त्या प्रवाशांत मीही असतो. दोन्ही बाजू मान्य केल्यावरच अभ्यास सुरू होतो.

मोबाइल मनोऱ्यांचे तसेच. ग्रामसभेत किरणोत्साराच्या भीतीने मनोऱ्याला विरोध करायचा आणि त्याच गावात रेंज नाही म्हणून ओरडायचे, यावर हसणे सोपे आहे. २०२० मध्ये शाळा फोनवर आल्या तेव्हा सांगे-सत्तरीकडची मुले रेंजसाठी डोंगर चढत होती. मनोरा कोणाच्या जमिनीवर, भाडे कोणाला, परवानगी देताना विचारले कोणाला, हे ऐकले की विरोधामागचे अर्धे कारण तिथेच सापडते.

नकाशाचीही एक गंमत. दूरसंचाराच्या वाटणीत गोवा महाराष्ट्राबरोबर एकाच परिमंडळात आहे. त्यामुळे पेडण्याची लेक सावंतवाडीकडे दिली असेल तर माहेरचा फोन घरच्या घरी. पण डिचोली-सत्तरीतल्या घराची सोयरीक बेळगावकडे असेल तर तिथे पाऊल टाकताच रोमिंग लागे. लग्ने जुळवताना परिमंडळ कोणी पाहिले नव्हते. मग मिस्ड कॉलची भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो, दोन म्हणजे तू लाव. या खुणांचा कोश कोणी केला नाही, आता रोमिंग गेले आणि कोशही गेला.

या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत मला सर्वांत मोलाचे वाटलेले काम मध्यस्थांवरचे आहे. नित्या सांबशिवन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली बंगळूरच्या गरीब वस्त्यांतून दाखवले की फोन-संगणक पुष्कळ माणसे दुसऱ्याच्या हातून वापरतात, आणि त्यांना 'न वापरणारे' म्हणणे चूक आहे. माटोळीवालीचा रकाना हाच. फोंड्यात मामलेदार कचेरीच्या आसपासची झेरॉक्सची दुकाने पाहा. तिथे अर्ज भरतात, फोटो लहान करतात, पासवर्ड वहीत लिहून ठेवतात; अर्ध्या तालुक्याचे पासवर्ड शाळेच्या शंभरपानी वहीत! कुवेतला असलेला माणूस आपल्या वडिलोपार्जित जमिनीचा एक-चौदाचा उतारा ऑनलाइन बघतो, नाव जागेवर आहे ना याची खात्री करतो. जमिनी बळकावल्याच्या तक्रारींसाठी २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले तेव्हापासून ही सवय वाढली. आणि गावातला त्याचा काका तोच उतारा झेरॉक्सवाल्याकडून छापून आणून पत्र्याच्या पेटीत, पोर्तुगीज कागदांच्या वर ठेवतो. पडद्यावर दिसले म्हणजे आहे, हे काकाला पटत नाही.

आणि ओटीपी. या तीन अक्षरांवर एक प्रबंध व्हायला हवा. आमच्या शेजारच्या घरी मुलगा आखातात, सून नोकरीवर, घरात आई एकटी. खाते, गॅस, वीज, सगळ्याला नंबर मुलाचा, कारण सगळे त्यानेच सुरू करून दिले. सिलिंडर घेऊन पोरगा दारात उभा राहतो आणि कोड मागतो. कोड आखातात गेलेला असतो. आई मुलाला फोन लावते, तो कामावर. सुनेला लावते, ती म्हणते त्यांनाच विचारा. पोरगा सिलिंडर परत नेतो. सर्वेक्षणाच्या दृष्टीने या घरात तीन स्मार्टफोन आणि उत्तम रेंज आहे. बाईच्या हातात फोन आहे, पण घराची किल्ली ज्या नंबरावर आहे तो तिचा नाही. पूर्वी किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला असे. गृह आधार या सरकारी योजनेचे पैसे बाईच्या नावावर जमा होतात. जमा झाल्याचा संदेश कोणाच्या फोनवर वाजतो हे विचारून पाहा. मी विचारत असतो, आणि उत्तरापूर्वीचा एक क्षणाचा थांबा वहीत टिपून ठेवतो.

कामाच्या पद्धतीबद्दल एवढेच. आमच्याकडे प्रश्नावली मराठीत वाचली जाते, उत्तर कोकणीत मिळते आणि नोंद इंग्रजीत होते. या दोन उड्यांत बरेच सांडते. 'वापरता का' याला 'वापरतां' असे उत्तर येते तेव्हा त्यात 'मुलाकडून करून घेते' हेही असू शकते. म्हणून प्रश्न बदलावेत. हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी दाखवले? अडले की कोणाला हाक मारता? तो नसेल तेव्हा? हे विचारताना आपण बँकेचे किंवा सरकारचे माणूस नाही हे आधी पटवावे लागते, आणि त्याला दोन-तीन फेऱ्या आणि चार-पाच कप चहा लागतो. कुंडई-मडकईच्या कारखान्यांत राबणाऱ्या परप्रांतीय कामगारांकडे तर अजून फारसे कोणी गेलेच नाही. घरी पैसे पाठवण्यासाठी फोन त्यांच्याइतका नेमका कोणी वापरत नसेल. कन्नड किंवा ओडिया येणारे कोणी या क्षेत्रात आले तर मला फार आनंद होईल.

गेल्या चतुर्थीला मी पुन्हा त्या गोणपाटापाशी गेलो. बाई तीच, जागा तीच, नारळाला टेकवलेला फलकही. पण पैसे देण्यापूर्वी पडद्यावर उमटलेले नाव नातवाचे नव्हते, एका बाईचे होते. "ही कोण?" म्हटले. "नातसून," एवढेच बोलून ती पुढच्या गिऱ्हाइकाला कवंडळे निवडून देऊ लागली. मागून लोक ढकलत होते. मी तोरंजन पिशवीत टाकले आणि बाजूला झालो.